जातोच आहेस तर वाळवंटात

इंग्लंडमध्ये एक वाळवंट आहे. हे वाक्य मी ज्याला ज्याला ऐकवलं, त्याने आधी खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. पण आहे. केंटमध्ये समुद्रात घुसलेलं डंजेनेस नावाचं एक टोक आहे. तिथे जिकडे पाहाल तिकडे गोटे, मधूनच एखादं लाकडी खोपटं, गंजलेले रूळ, आणि झाड म्हणावं असं काही नाही. लोक त्याला ब्रिटनचं एकमेव वाळवंट म्हणतात. हवामान खात्याला ते मान्य नाही, असंही मी वाचलं. पण हवामान खातं या देशात उन्हाळा असतो असंही म्हणतं, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही.

तर या वाळवंटात मी मोटरहोम घेऊन जाणार होतो. एकटा. सोबतीला फक्त कोकम.

कोकम हा कुत्रा. जातीने ग्रेहाउंड, पेशाने निवृत्त. शर्यतीत पळून पळून अंगात जो काही शीण साठला होता, तो आमच्या ब्रॅकनेलच्या सोफ्यावर दिवसाचे वीस तास झोपून घालवत होता. आमची मुलगी ऋजुता नॉटिंगहॅमला शिकते. तिने आणि तिच्या हाउसमेट्सनी त्याला दत्तक घेतलं, पुढच्याच महिन्यात लँडलॉर्डने त्याला पाहिलं, आणि "बाबा, ओन्ली टू वीक्स, माझी प्रॉमिस आहे" या बोलीवर तो जूनमध्ये आमच्याकडे आला. आता सप्टेंबर संपत आला होता.

"कुत्रा गोड आहे," वैभवी म्हणाली. "प्रश्न कुत्र्याचा नाहीच्चे. तुझा आहे. ब्रेडमेकर आणलास, कोण धुतं? मी. बागेत टोमॅटो लावलेस, पाणी कोण घालतं? मी. आता कुत्रा. याचं पण तेच होणार."

वैभवी, म्हणजे माझी बायको, हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे. तिचं बोलणं औषधाच्या बाटलीवरच्या लेबलसारखं असतं. आधी मात्रा, मग वेळ, मग धोक्याच्या सूचना. त्या दिवशीचं लेबल असं होतं: "चार दिवस. तू एकटा. त्याला घेऊन कुठेही जा, पण मला एकही फोन करायचा नाही, की तो खात नाहीये, याची गोळी कुठेय, टॉवेल कुठला घेऊ. जमलं तर कोकम राहील. फोन आला तर त्याच्यासाठी दुसरं घर शोधायचं. आणि मग ऋजुताला तू सांगायचं, मी नाही."

कोकमने यावर एक डोळा उघडला आणि मिटला. मी मात्र पेटलो. त्याच सुमारास मी नेटवर एका दाढीवाल्या अमेरिकन माणसाचे व्हिडिओ बघत होतो. तो कुत्र्याला घेऊन महिनोन् महिने वाळवंटातून फिरतो आणि रोज संध्याकाळी क्षितिजाकडे बघून काहीतरी गहन बोलतो. मला गहन बोलता येतं. फक्त घरी कोणी थांबत नाही.

मोटरहोम भाड्याने घ्यायला गेलो तर काउंटरवरची मुलगी माझी कागदपत्रं दोन्ही हातांत धरून बसली. लायसन्सवर यतीन मनोहर सबनीस, विजेच्या बिलावर नुसताच यतीन सबनीस.

"मिस्टर मनोहर कोण?" तिने विचारलं.

"माझे वडील."

"ते चालवणार आहेत का? ॲडिशनल ड्रायव्हर?"

"ते वारले."

"ओ, आय ॲम सो सॉरी," ती म्हणाली आणि मॅनेजरला बोलवायला गेली. आमच्याकडे मुलाच्या नावात बापाचं नाव असतं, हे मी तिघांना क्रमाने समजावलं. तिघांनीही मनापासून सहानुभूती दाखवली आणि तिघांनीही फोटोकॉपी मागितली. मग कुत्र्याचा वेगळा फॉर्म. वजन: बत्तीस किलो. स्वभाव: या रकान्यात 'विचारी' लिहिलं. सर्वांत शेवटी प्रश्न होता, या वाहनातून दुसऱ्यांच्या मालाची वाहतूक करणार का? मी हसत हसत 'नाही' वर खूण केली आणि सही ठोकली.

त्या संध्याकाळी मी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच ओळ टाकली: 'उद्यापासून चार दिवस सोलो ट्रिप. केंटच्या वाळवंटात. मी आणि कोकम.'

त्रेचाळीस उत्तरं आली. वाळवंट हा शब्द एकानेही वाचला नाही. सगळ्यांनी केंट वाचलं.

पहिला फोन कमलाकरकाकांचा. काका म्हणजे मंडळाचे माजी अध्यक्ष, वय ब्याऐंशी, आवाज अजून अध्यक्षाचा. "यतीन, केंटला जातोच आहेस तर मेडस्टनला आमच्या पुतणीकडे, तनूकडे, एक छोटीशी वस्तू टाक. वाटेवरच आहे." ती छोटीशी वस्तू म्हणजे पाटा-वरवंटा. दगडी. काकूंनी ब्याण्णव साली साताऱ्याहून जहाजाने मागवलेला. तो उचलताना माझ्या पाठीतून जो आवाज आला तो काकांना ऐकू आला नाही. ऐकू आला असता तरी त्यांनी काही वेगळं केलं असतं असं नाही.

मग मंडळाच्याच रेखाकाकू. "जातोच आहेस तर ॲशफर्डला माझ्या बहिणीकडे, वीणाकडे, एवढे डबे दे. तिचेच आहेत." डबे सात. आणि मराठी माणूस डबा रिकामा परत करत नाही, तेव्हा एकात भाजणी, एकात मेतकूट, दोनांत चिवडा, एकात चकल्या, एकात वड्या, आणि सातव्यात रेखाकाकूंच्या मते 'काही नाही, नुसते थोडे शेंगदाणे'.

शेजारचा डेरेक कुंपणावरून हे सगळं बघत होता. त्याच्याकडे गेली तीस वर्षं कॅराव्हॅन आहे, त्यामुळे त्याला मत आहे. "वजन सांभाळ, मेट," तो म्हणाला. "तुझ्या लायसन्सवर साडेतीन टन. आणि कॅसेट रोज रिकामी कर. रोज."

"कसली कॅसेट?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर गाणी आली.

मोटरहोमच्या संडासाच्या टाकीला कॅसेट म्हणतात, हे डेरेकने मला सांगितलं. वाळवंटातल्या त्या दाढीवाल्याने हा विषय एकाही व्हिडिओत काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. वैभवी दारात उभी होती. तिने मला "नीट जा" म्हटलं. कोकमला काहीच म्हणाली नाही, नुसता त्याचा पट्टा एक भोक सैल केला.

आमची गल्ली संपेपर्यंत सगळं छान होतं. मग पहिल्या राउंडअबाउटला मागून 'गडगडगड धड्' असा आवाज आला. पाटा जागेवरच होता. वरवंटा मात्र प्रवासाला निघाला होता. प्रत्येक वळणाला तो गाडीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जायचा, वाटेत डब्यांना भेटायचा आणि पलंगाच्या पायावर डोकं आपटून थांबायचा. कोकमला गडगडाटाची भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं. बत्तीस किलोंचा कुत्रा ड्रायव्हरच्या मांडीवर मावत नाही, हेही तेव्हाच कळलं. शेवटी मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला थांबून वरवंटा माझ्या स्लीपिंग बॅगेत घातला आणि पुढच्या सीटला बेल्ट लावून बसवला. बाजूच्या गाडीतल्या बाईंनी बेल्ट लावलेल्या त्या लहानशा, निश्चल आकृतीकडे फार वेळ पाहिलं.

तनू मेडस्टनला एका कल-डी-सॅकमध्ये, म्हणजे पुढे बंद असलेल्या गल्लीत, राहते. आत जाताना वाटलं, बऱ्यापैकी रुंद आहे. बाहेर पडायची वेळ आली तेव्हा कळलं की सात मीटर लांबीची गाडी तिथे वळत नाही. रिव्हर्स घ्यायला अख्खी गल्ली बाहेर आली. आठ माणसं आठ दिशांना हात करत होती. एक आजोबा युद्धात विमानं उतरवल्यासारखे दोन वर्तमानपत्रं घेऊन उभे राहिले. तनू हसत हसत फोटो काढत होती.

"काका, पाटा आवडला म्हणून सांगा कमलाकरकाकांना," ती म्हणाली. "पण प्लीज, प्लीज, तो गाडीतच ठेवा. माझ्या किचनमध्ये टोस्टरला जागा नाहीये."

"अगं, मग मी त्याचं काय करू?"

"तुम्ही जाताच आहात ना पुढे?" असं म्हणून तिने माझ्या हातात ॲशफर्डच्या वीणामावशींसाठी एक पिशवी ठेवली.

वीणामावशींकडे सात डबे उतरवले. मी मनात म्हटलं, सुटलो. पण मी वर सांगितलंच, मराठी माणूस डबा रिकामा परत करत नाही. मावशींनी मला वरणभात वाढला, कोकमला दहीभात वाढला, आणि आम्ही जेवतोय तेवढ्यात सातही डबे धुऊन, भरून, पुन्हा गाडीत ठेवले. वर आठवा नवा डबा. घरचं साजूक तूप, एक किलो. "हे वैभवीला. आणि एकटा कसला फिरतोस रे? माणसं काय म्हणतील? बायकोने हाकललं म्हणतील."

म्हणजे दोन ठिकाणी माल पोचवून माझं वजन एक किलोने वाढलं होतं. डेरेकने साडेतीन टनांचं सांगितलं, ते कोणत्या समाजाला धरून सांगितलं देव जाणे.

संध्याकाळी कॅम्पसाइटला पोचलो. तिची व्यवस्था पॅम नावाच्या बाईंकडे होती, साठीच्या, गमबूट घातलेल्या. त्यांनी मला वीज, पाणी आणि कॅसेट रिकामी करायची जागा दाखवली. मी गाडीबाहेर खुर्ची टाकून क्षितिजाकडे पाहिलं आणि काहीतरी गहन बोलायला तोंड उघडलं. पाऊस आला.

सकाळी उठलो तेव्हा कोकम झोपलेला नव्हता. ही गोष्ट स्वतःच धक्कादायक होती. तो दाराशी उभा होता, जिभेने मिशा साफ करत, आणि तुपाचा डबा जमिनीवर आडवा पडला होता. आतून इतका स्वच्छ डबा मी आयुष्यात पाहिलेला नाही.

पुढच्या सहा तासांबद्दल मी फार बोलणार नाही. हे कुटुंबाने एकत्र वाचायचं लिखाण आहे. एवढंच सांगतो, की ग्रेहाउंड ताशी चाळीस मैलांनी पळतो हे मी नुसतं ऐकून होतो. त्या दिवशी दर वीस मिनिटांनी कुंपणाकडे जाताना तो पळाला, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मी होतो. ज्या वेळेला तो पोचला नाही, त्या वेळेला गाडीतला गालिचा धुवावा लागला. गालिचा भाड्याचा होता. त्यातच घाईघाईत कॅसेट रिकामी करायला गेलो आणि झाकण उलट्या बाजूने उघडलं.

पॅम लांबून बघत होत्या. जवळ यायचं त्यांनी टाळलं. "यू ऑलराइट, लव्ह?" त्यांनी ओरडून विचारलं.

"फाइन, थँक यू!" मी ओरडलो. एकोणतीस वर्षं या देशात काढल्यावर माणूस आणखी काय शिकतो?

फोन करावासा वाटला. अक्षरशः बोट वैभवीच्या नावावर होतं. तुपाने कुत्र्याला काय होतं, डॉक्टरला गाठू की थांबू? तिने तीन वाक्यांत सांगितलं असतं. पण फोन केला की कोकम गेला. म्हणून मी जवळच्या व्हेटला फोन लावला. ते म्हणाले, पाणी पाजा, उपाशी ठेवा, आणि, एक मिनिट हं, सर, नेमकं किती बटर? मी म्हटलं, एक किलो, पण कढवलेलं. पलीकडे फोनवर हात ठेवून कोणीतरी कोणालातरी बोलावलं.

मी वैभवीला फोन केला नाही, पण दुपारी वीणामावशींचा मला आला. "तूप कसं होतं रे?" खोटं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. "कोकमला फार आवडलं," मी म्हटलं. अर्ध्या तासात मंडळाच्या ग्रुपवर सगळी हकीकत आली, वर तनूने काढलेला माझा गल्लीतला फोटो. कमलाकरकाकांनी फक्त एवढंच विचारलं, 'पाटा पोचला का?'

तिसऱ्या दिवशी कोकमने उकडलेला भात खाल्ला आणि तो पोटात राहिला. मी आनंदाने म्हटलं, चला, आता वाळवंट.

डंजेनेसला पोचलो तेव्हा ते खरंच होतं. काळा दीपगृहाचा बुरूज, मागे बंद पडलेलं अणुवीज केंद्र, गोट्यांवर ओढून ठेवलेल्या जुन्या होड्या, आणि वारा असा, की गाडीचं दार उघडल्यावर ते मी उघडलंय की वाऱ्याने, याबद्दल मतभेद व्हावा. मला भरून आलं. मी म्हटलं, "कोकम, बघ. वाळवंट." कोकम उतरला, त्याने गोट्यांवर एक पाय ठेवला, उचलला, दुसरा ठेवला, उचलला, आणि मग चारही पाय एकाच वेळी कसे उचलता येतील याचा विचार करत रस्त्यावर उभा राहिला. शर्यतीच्या मऊ मातीत वाढलेल्या पायांना ते गोटे टोचत होते. समुद्र दोनशे यार्डांवर होता. इतक्या लांब येऊन मागे फिरणार? मी त्याला उचलला.

छप्पन्न वर्षांचा माणूस बत्तीस किलोंचा ग्रेहाउंड पोराला घ्यावं तसा घेऊन, गोट्यांत घोट्यापर्यंत रुतत, पावसात, वाळवंट ओलांडतोय, हे दृश्य तिथे दुर्बिणी लावून बसलेल्या पक्षीनिरीक्षकांना सापडलं. डझनभर दुर्बिणी एकदम वळल्या. त्या दिवशी त्यांना दुसरं काही दिसलं नसावं.

परत आलो तर गाडीचं मागचं चाक रस्ता सोडून गोट्यांवर उभं होतं. मीच उभं केलं होतं. ॲक्सिलरेटर दाबला की चाक खाली जायचं, गाडी जागेवरच. मग मला एकदम सुचलं. पाटा! चाकाखाली सपाट दगड घातला की पकड मिळणार. चौतीस वर्षं इंजिनिअरिंगच्या पदवीचा काहीही उपयोग झाला नव्हता, तो आज झाला. पाटा चाकाखाली घातला, हळूच दाबलं, आणि कडाड् असा आवाज झाला. साताऱ्याहून आलेला पाटा केंटमध्ये दुभंगला. गाडी होती तिथेच होती.

शेवटी एका कोळ्याने ट्रॅक्टर लावून बाहेर ओढली. त्याने मागचे डबे पाहिले. "डिलिव्हरी करतोस का?" त्याने विचारलं. मला फॉर्मवरची ती सही आठवली. मी त्याला चिवडा दिला.

कॅम्पसाइटवर परतलो तेव्हा मी भिजलेला, वाकलेला, आणि एकंदरीत संपलेला होतो. माझ्या जागेवर छत्री घेऊन एक बाई उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पांढरा बॉबकट, ट्रॅकसूट.

"सबनीस ना? मी निवेदिता. वैभवीच्या हॉस्पिटलमध्ये ॲनेस्थेटिस्ट होते, आता इथे जवळच राहते. तिने काल मेसेज केला. ग्रुपवरचं सगळं तिला कळलंय. म्हणाली, तो आता थकला असेल, पण स्वतःहून कबूल करणार नाही. मी कुत्रा घेऊन जायला आलेय. माझ्याकडे मोठी बाग आहे. त्याला बरं पडेल."

मला राग यायला हवा होता. फोन मी केला नव्हता, पैज मी हरलो नव्हतो. पण माझी पाठ उभी राहत नव्हती, गालिचा वास मारत होता, आणि मनात आलं, की बाईंची बाग मऊ गवताची असेल. तिथे गोटे नसतील. तूप नसेल. मी नसेन.

"न्या," मी म्हटलं, आणि पट्टा त्यांच्या हातात दिला. कोकम त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. तो कोणाहीजवळ जाऊन उभा राहतो. ते मला त्या क्षणी सहन झालं नाही.

"खातो काय?" त्यांनी विचारलं.

"डॉग फूड. सकाळ-संध्याकाळ."

"तसं नाही लिहिलेलं इथे." त्यांनी चष्मा लावला आणि फोन वर धरला. "वैभवीने यादी पाठवलीय. थांब, वाचते. 'डॉग फूडवर एक चमचा कोमट पाणी, नाहीतर तो हुंगून परत जातो. यतीनला वाटतं तो तसाच खातो, कारण पाणी मी आधीच घालून ठेवते.'"

मी गाडीतल्या डॉग फूडच्या पिशवीकडे पाहिलं.

"'दुपारी साडेतीनला माझी मराठी मालिका लागते, तेव्हा तो माझ्या पायांवर पाय टाकून बघतो. सवय मोडू नका. डाव्या कानामागे खाजवायचं, उजव्या नाही, तिथे जुनी जखम आहे. वादळ झालं तर बाथरूममध्ये टॉवेल घालून द्या, निळा, मी पाठवते.' मग परत, 'निळा टॉवेल पाठवते म्हटलं ना मी?' मग परत, 'झोपेत पळतो. उठवू नका. जिंकत असतो.'" त्यांनी बोटाने स्क्रीन सरकवला. "असे सतरा मेसेज आहेत. शेवटचा आज पहाटेचा."

निवेदिताताईंनी चष्मा काढला. "पस्तीस वर्षं मी लोकांना ऑपरेशनला आत नेलंय. पेशंटला सोडायला तयार असलेले नातेवाईक आणि नसलेले नातेवाईक, मला दारातच कळतात. धर हा पट्टा."

मी धरला. धरला म्हणजे जवळजवळ हिसकावलाच.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं आणि तो सरळ माझ्या हातात दिला.

"ताई, गेला का हो तो तुमच्याबरोबर?" वैभवीचा आवाज बंद नाकातून येत होता. "गाडीत बसला का? पुढे नका बसवू, त्याला मागे आडवं व्हायला लागतं."

"मी आहे," मी म्हटलं.



"यतीन? तू फोनवर कसा? आपलं ठरलंय ना, फोन—"

"हा ताईंचा फोन आहे. आणि केलायस तू."

मग नाक पुसल्याचा आवाज.

"पोट कसं आहे?"

"ठीक आहे आता. भात खाल्ला थोडा, पण पाठ फार—"

"तुझं नाही विचारलं."

"त्याचं पण ठीक आहे. त्यानेही भात खाल्ला."

"मग उद्या घरी या दोघं," ती म्हणाली. "आणि हळू चालव. मागे तो झोपलेला असतो."

"आणि मी?"

"तू चालवत असतोस ना. तू जागाच राहा."